आधी पेशीपटल, मग हाडं

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला बरेच जण आल्या आल्या 206 हाडांची नावं पाठ करायला बसतात. तू ती घाई करू नकोस. सध्या एवढंच पक्कं कर:

- कर्बोदकं, मेद, प्रथिनं, न्यूक्लिक आम्लं: प्रत्येकाचं शरीरातलं काम एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. रासायनिक सूत्रं आत्ता नकोत.
- पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण: इथे हवा तेवढा वेळ घाल. त्याच्या मेदाच्या दुहेरी थरातून ऑक्सिजन सहज आरपार जातो, सोडियमला मात्र प्रथिनांचा मार्ग लागतो. पाणी कुठून कुठे सरकतं हे एकदा समजलं, की नॉर्मल सलाइन (शिरेतून देतात ते मिठाचं पाणी) 0.9 टक्क्यांचं का, तेही उलगडतं. साध्या पाण्यात तांबड्या पेशी फुगून फुटतात, फार खारट पाण्यात आक्रसतात.
- ऊती, म्हणजे मिळून एक काम करणाऱ्या पेशींचे समूह: मुख्य प्रकार चारच. अभिस्तर (अस्तराची), संयोजी (जोडणारी), स्नायू आणि चेता (मज्जातंतूंची).

ऊती शिकताना नेहमीची चूक म्हणजे नावं घोकणं आणि रचनेचं कारण न विचारणं. फुप्फुसातल्या वायुकोशांचं अस्तर चपट्या पेशींच्या एकाच थराचं असतं, कारण तिथून वायूंना पटकन पलीकडे जायचं असतं. त्वचेला घर्षण सोसायचं असतं, म्हणून तिथे थरावर थर. रक्त संयोजी ऊतींत मोडतं, हेही अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

आकृत्या नुसत्या बघू नकोस. पुस्तक मिटून स्वतः काढ, मग ताडून बघ. वेडीवाकडी आली तरी चालेल, नावांच्या रेषा योग्य जागी हव्यात.

क्रेब्ज चक्राच्या, म्हणजे पेशीत ऊर्जा मिळवणाऱ्या रासायनिक चक्राच्या, पायऱ्या खुशाल पुढच्या महिन्यावर ढकल.