मनुष्यबळाचे प्रकरण लिहिण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बाहेरच्या कंपन्यांनी पुणे-पिंपरी-चिंचवड परिसरात कारखाना काढावा यासाठी तयार होत असलेल्या माहितीपुस्तिकेतील मनुष्यबळाचे प्रकरण तुझ्याकडे आल्याचे वाचून आनंद झाला. तुझा मसुदा मी दोनदा वाचला. महाविद्यालये किती, पदवीधर किती, वेतनमान काय, हे सारे त्यात आहे. पण इथला कामगार घडला कसा, हे कुठेच आलेले नाही. जमीन, वीज आणि करसवलत इतर राज्येही देतात, पुष्कळदा आपल्याहून सढळ हाताने देतात. हात बसलेला कारागीर मात्र कोणत्याही सरकारला अध्यादेश काढून देता येत नाही.

१८५४ साली पुण्यात सुरू झालेले अभियांत्रिकीचे शिक्षण, १८६९ चा खडकीचा दारूगोळा कारखाना आणि १९५४ मधली पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स यांचा उल्लेख दोन ओळींत केलास तरी चालेल. टेल्कोपाशी, म्हणजे नंतरच्या टाटा मोटर्सपाशी, मात्र थांब. तिच्या पुण्याच्या कारखान्यातून पहिले व्यावसायिक वाहन १९७७ साली बाहेर पडले, पण त्याच्या कितीतरी आधी तिथे टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवणारा विभाग, आणि प्रशिक्षण विभाग उभे राहिले होते. गाडी बनवण्याआधी माणसे तयार करण्यात वर्षे घालवण्याचा हा धीर मला आजही फार मोठा वाटतो. तशा कारखान्यांत शिकलेल्या अनेकांनी पुढे भोसरी-चिंचवडला भाड्याच्या शेडमध्ये एखादे लेथ टाकले आणि आपल्या हाताखाली आणखी मुले तयार केली. मर्सिडीज-बेंझने १९९४ साली पुण्यात बस्तान बसवले आणि फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, तेव्हा सुटे भाग आणि डाय, म्हणजे धातूला आकार देणारे साचे, बनवणारी माणसे इथे आधीपासून होती.

भोसरीच्या एका शेडमध्ये पाहिलेले सांगतो. एका वयस्कर डायमेकरने डायच्या दोन भागांच्या सांध्यावरून अंगठ्याचे नख हळूच फिरवले, क्षणभर थांबला आणि शेजारच्या मुलाला म्हणाला, ‘इथे पायरी लागतेय, पुन्हा बघ.’ मुलाने बारीक फरक मोजणारे डायल लावून पाहिले आणि फरक निघाला. त्या मुलाने ते नखाचे ज्ञान कोणत्या अभ्यासक्रमात मिळवले असते? तुझ्या तक्त्यात तो डायमेकर ‘अल्पशिक्षित’ या रकान्यात बसला आहे. तो रकाना बदल.

हे भांडवल खर्चून संपते, हेही लिहायला कचरू नकोस. मी ज्या कारखान्यात शेवटची वर्षे काढली, तिथे बचतीच्या नावाखाली अप्रेंटिस घेणे जवळजवळ थांबवले गेले. माझ्या बरोबरीचे फिटर आणि ग्राइंडर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी उभे राहायला कोणी नव्हते, आणि यंत्राच्या नेहमीच्या सेटिंगसाठीही बाहेरून माणूस बोलवावा लागे. थोड्या महिन्यांच्या कंत्राटावर येणारा मुलगा बटण दाबायला शिकतो; यंत्राचा आवाज बदलला म्हणजे काय झाले, हे कळण्याआधीच त्याचे कंत्राट संपलेले असते. येणाऱ्या कंपनीला हे मोकळेपणाने सांगावे, आणि आयटीआयशी किंवा तंत्रनिकेतनाशी जोडून घेण्याची तयारी पहिल्याच बैठकीत विचारावी.

राहणे आणि जाणे-येणे यांविषयी तू एकच वाक्य लिहिले आहेस. चाकणच्या वाहतूककोंडीत कामगाराचा रोज किती वेळ जातो, आणि रात्रपाळीला येणाऱ्या मुलींसाठी खात्रीची बस आहे का, हे दोन प्रश्न तरी त्यात घाल. कुशल माणूस टिकतो की नोकरी सोडतो, हे पुष्कळदा तिथेच ठरते.

नवा मसुदा लिहिण्याआधी पहिल्या पाळीच्या वेळी भोसरीत एक फेरी मार. दोन-तीन लहान वर्कशॉपच्या मालकांना ते काम कुठे शिकले आणि आज कोणाला शिकवत आहेत, एवढेच विचार, आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवून मला पाठव.

तुझा,
एक जुना टूलरूमवाला