सगळ्याच कंपन्या सारख्या दोषी का?

प्रश्न: चीनमध्ये धंदा करायचा म्हणून गुगल, याहू, अ‍ॅपल सगळ्यांनीच तिथल्या सरकारची सेन्सॉरशिप मान्य केली ना? कंपन्या म्हणतात, जिथे काम करतो तिथला कायदा पाळावाच लागतो. मग सगळ्यांना एकाच माळेचे मणी म्हणायचं का?

उत्तर: नाही हो, फरक आहे आणि चांगला मोठा आहे. कायदा पाळावा लागतो हे खरंय, पण तिथे दुकान टाकलंच पाहिजे असा कायदा काही नव्हता, तो निर्णय त्यांचाच!

गुगलनं २००६ मध्ये चीनसाठी वेगळं सर्च काढलं, सरकारला नको ते रिझल्ट गायब, पण पानावर एक ओळ यायची की स्थानिक कायद्यामुळे काही रिझल्ट दाखवलेले नाहीत, म्हणजे निदान लपवलंय एवढं तरी कळायचं. आणि जीमेल त्यांनी चीनमधल्या सर्व्हरवर ठेवलंच नाही, मला विचाराल तर हे जास्त महत्त्वाचं.

का ते याहूवरून कळतं. शी ताओ नावाचा पत्रकार, चीनच्या हुनान प्रांतातल्या पेपरात काम करायचा. तियानानमेनच्या (१९८९ मध्ये बीजिंगच्या या चौकात सरकारनं चिरडलेल्या आंदोलनाच्या) वर्षदिनाला पेपरवाल्यांनी काय छापायचं नाही याचा सरकारी आदेश आला होता, त्याची माहिती त्यानं २००४ मध्ये स्वतःच्या याहू मेलवरून बाहेर पाठवली. याहूनं अकाउंटची माहिती तपासवाल्यांना दिली, २००५ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा. पुढे २००७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या सुनावणीत याहूचे सहसंस्थापक जेरी यांग शी ताओच्या आईपुढे वाकले, माफी मागितली, पण पोरगा सुटला २०१३ मध्ये. रिझल्ट लपवणं वाईटच, पण नाव हातात देणं म्हणजे माणूस थेट आत.

गुगलवर सायबरहल्ला झाला, मानवी हक्कवाल्यांची जीमेल अकाउंट टार्गेट झाली, मग २०१० मध्ये त्यांनी सेन्सॉर बंद करून सर्च हाँगकाँगला वळवलं, तिथे चीनची सेन्सॉरशिप लागू नव्हती. (नंतर ड्रॅगनफ्लाय नावानं सेन्सॉर केलेलं सर्च घेऊन परत यायचा बेत चालला होताच, २०१८ मध्ये तो बाहेर फुटला, कर्मचारीच भडकले, शेवटी गुंडाळला.)

अ‍ॅपलचं जास्त अवघड आहे. २०१७ मध्ये चीनच्या अ‍ॅप स्टोअरमधून व्हीपीएन अ‍ॅप (सरकारी बंदी चुकवून बंद साइट बघू देणारी) काढली, २०१८ मध्ये तिथल्या लोकांचा आयक्लाउड डेटा ग्वीझोऊ प्रांतातल्या सरकारी कंपनीकडे गेला, एन्क्रिप्शनच्या कीज, म्हणजे तो डेटा उघडायच्या डिजिटल किल्ल्या, त्यासुद्धा चीनमध्येच. अ‍ॅपल म्हणतं कीज आमच्याच ताब्यात आहेत. असतीलही, पण उद्या तिथल्या कोर्टाचा हुकूम आला तर? गुगलला उठून जाता आलं कारण तिथे त्यांचं मुख्यतः सर्चच होतं, अ‍ॅपलचे फोन तिथे विकतातही आणि बनतातही, त्यांना ते इतकं सोपं नाही.