नाइटच्या मावशी बंद केल्या, 32 पेशंट दोघींत कसे सांभाळायचे?

तू लिहिलंयस की हॉस्पिटलने खर्च कमी करायला मावशींची (वॉर्डातल्या मदतनीस आयांची) नाइट बंद केली, संध्याकाळी चार तास येणाऱ्या सिस्टरचे तासही काढले आणि आता 32 पेशंटला तुम्ही दोघीच, सगळं वेळेत होत नाही म्हणून घरी जाऊन रडू येतं. अगं, मी 19 वर्षं वॉर्डात काढलीत, यातून दोनदा गेलेय. आधी हे डोक्यातून काढ की तू स्लो आहेस. नर्सिंग कौन्सिलच्या नॉर्ममध्ये रजांसाठी 30 टक्के स्टाफ जास्तीचा धरायला सांगितलाय, आणि खर्च कमी करायचा म्हटलं की पहिला हाच जास्तीचा स्टाफ जातो, मग एक जण तापाने पडली तरी अख्खी शिफ्ट कोलमडते. यात तुझा दोष कुठे आला?

आता कामाचं. सगळं थोडं थोडं करायला गेलीस तर औषधात चूक होणार, हे मी स्वतःवरून सांगते. तेव्हाच्या हॉस्पिटलात असेच तास कमी केले होते, रात्री अडीचची वेळ, एका आजोबांचं अँटिबायोटिक डायल्यूट करायला ट्रेमधून डिस्टिल्ड वॉटरचा 10 एमएलचा अँप्यूल उचलला आणि सिरिंजमध्ये भरणार तेवढ्यात आजोबांनी विचारलं, ‘सिस्टर, कसलं इंजेक्शन?’ सांगायला म्हणून लेबल वाचलं तर पोटॅशियम क्लोराइड. तोच आकार, तसंच प्लास्टिक. ते तसंच शिरेत गेलं असतं तर हार्ट बंद पडलं असतं. माझे हात सकाळपर्यंत थरथरत होते. त्या दिवसापासून केसीएल, म्हणजे हेच पोटॅशियम क्लोराइड, माझ्या वॉर्डात ट्रेमध्ये नसतंच, लाल पट्टी लावलेल्या वेगळ्या डब्यात कुलपात, आणि काढताना दुसरीने लेबल मोठ्याने वाचायचं. इन्सुलिनचंही तसंच, एमएलला 40 युनिटवाल्या व्हायलला लाल टोपीची सिरिंज, 100 युनिटवाल्या व्हायलला केशरी, कितीही घाई असली तरी हे दोघींनी बघायचं. इथे वेळ वाचवायचा नाही.

मग वेळ वाचवायचा कुठे? राउंडला. डॉक्टर बेडजवळ असतानाच विचार, सर याची सलाइन बंद करून ओरल करू का, शुगर स्टेबल आहे तर रात्रीची आरबीएस (शुगरची तपासणी) बंद करू का, हे इंजेक्शन रात्री 2 ऐवजी 10 ला चालेल का. बरेच डॉक्टर हो म्हणतात, त्यांच्या लक्षातच नसतं की त्या एका ऑर्डरमागे आपल्या किती फेऱ्या होतात. आमच्याकडे नुसत्या वेळा जुळवल्या तर मध्यरात्रीच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या. आणि ओव्हर (शिफ्ट बदलताना आधीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती) बेडजवळच घ्या, काउंटरवर बसून नाही, म्हणजे ड्रिप किती उरलीय, युरोबॅग (लघवीची पिशवी) भरलीय का, कोण धापा टाकतोय हे घेतानाच दिसतं आणि कोणत्या चार-पाच पेशंटवर रात्रभर डोळा ठेवायचा ते तिथेच ठरतं. बाकीच्यांकडे थोडं उशिरा गेलं तरी चालतं. नातेवाइकांना लघवी मोजून कागदावर लिहायला, सलाइन संपत आली की हाक मारायला शिकव, बहुतेक जण आनंदाने करतात. पण औषध, ऑक्सिजनचा फ्लो, ड्रिपचा स्पीड यांना हात लावू द्यायचा नाही.

मावशी नसल्याने सगळ्यात हाल होतात अंथरुणाला खिळलेल्यांचे. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे दोघी लागतात, मग वॉर्डात कोणीच नाही. तेवढ्यासाठी कॅज्युअल्टीच्या मामांना (वॉर्डबॉयना) 12, 2, 4 ला दहा मिनिटं पाठवा असं नाइट सुपरवायझरकडून ठरवून घे, तोंडी नको, ड्यूटी लिस्टवर लिहून. नाही मिळाले आणि पोझिशन बदलता आली नाही तर चार्टवर ‘बदलली’ म्हणून टिक करू नकोस. हे मला फार मनापासून सांगायचंय. आपण न झालेलं झालं म्हणून लिहितो तेव्हा वरच्यांना वाटतं दोघींत छान चाललंय, आणि उद्या बेडसोर (पडून पडून होणारी जखम) झाला की सही तुझी असते. ‘पोझिशन दिली नाही, स्टाफ 2, पेशंट 32’ एवढं लिही, वेळ घाल, सही कर.

एका रजिस्टरमध्ये रोज पेशंट किती, स्टाफ किती, काय राहिलं, काय चुकता चुकता वाचलं हे लिहा, सगळ्या शिफ्टच्या मुलींनी. पंधरा दिवसांनी ते घेऊन मेट्रनकडे (सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांकडे) चार-पाच जणी मिळून जा, एकटी जाऊ नकोस, एकटीला ‘तुलाच का जमत नाही’ ऐकावं लागतं. आणि थेट मागा, मावशींची नाइट परत द्या, निदान 10 ते 2 तरी. आमच्या मेट्रननी दीड महिना घेतला पण अर्धी नाइट परत मिळाली. मेट्रन पण वरच्यांशी भांडत असतात, त्यांच्या हातात कागद लागतो.

डबल ड्यूटीला लगेच हो म्हणू नकोस, नाइटनंतर मॉर्निंग तर अजिबात नाही. आणि पाणी पी गं, आमच्यातल्या दोघींना लघवी धरून धरून इन्फेक्शन झालं होतं. रात्री एकीने वॉर्डात थांबायचं, दुसरीने वीस मिनिटं डबा खायचा, मग आलटून.