वरून नको, खालून बघा

प्रश्न: नमस्कार ताई, सध्या लेकीकडे न्यू जर्सीला आलेय. संध्याकाळी नातीला घेऊन फिरायला जाते तिथे गवतात माझ्या छातीएवढी वाढलेली गडद जांभळी फुलं आहेत, मध्ये पिवळं बटण, थेट आपल्या दसऱ्याच्या हारातल्या अ‍ॅस्टरसारखी. मोबाईलमधलं अ‍ॅप एक दिवस न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर सांगतं, दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क अ‍ॅस्टर. नक्की काय समजायचं?

उत्तर: काकू, तुम्ही फोटो वरून काढत असणार, आणि वरून ही दोन्ही सारखीच दिसतात, अ‍ॅप तरी काय करणार! शिवाय न्यू इंग्लंडवाल्याच्या पाकळ्या संध्याकाळी मिटायला लागतात, त्यामुळे एकदा सकाळी जा. आधी पान खोडाला जिथे लागतं ती जागा बघा. न्यू इंग्लंडवाल्याच्या पानाला देठ नसतो, बुडाशी दोन कान फुटल्यासारखे असतात आणि ते खोडाला धरून बसतात, कडाही सरळ, दाते नाहीत. खोडावर राठ लव असते. मग फूल हळूच उलटं करून खालची हिरव्या खवल्यांची वाटी चिमटीत धरा, बोटं चिकट झाली की निकाल लागला, कारण न्यूयॉर्कवाल्याच्या वाटीला तसला चिकटपणा नसतो. ओलसर जागेत लालसर खोडाचं पर्पल स्टेम्ड अ‍ॅस्टर म्हणून आणखी एक भेटतं, त्याचीही पानं खोडाला धरून असतात, म्हणून नुसत्या पानावर जाऊ नका, वाटी बघाच. पाकळ्या नातीला मोजायला द्या, 40 च्या पुढे गेली आणि मोजून कंटाळली तर न्यू इंग्लंड, न्यूयॉर्कवाल्याला साधारण 15 ते 35 असतात. (पाकळी आपण म्हणतो, ती प्रत्येक एक स्वतंत्र फूल आहे, झेंडू-शेवंतीचं असतं तसंच.)

हारातलं आपलं ते चायना अ‍ॅस्टर, मूळचं चीनकडचं, एका हंगामात संपणारं. कूळ एकच, सूर्यफुलाचं, पण झाड वेगळं. तुमच्याकडचं तिथलंच रानफूल आहे, दरवर्षी त्याच मुळांतून फुटतं. जुन्या पुस्तकात ते अ‍ॅस्टर नावाखालीच सापडेल, आता मात्र शास्त्रीय नाव सिम्फियोट्रायकम झालंय, जीभ वळली तर वळली. आणि हारासाठी तोडू नका हं, मेक्सिकोकडे निघालेली मोनार्क फुलपाखरं सप्टेंबर-ऑक्टोबरात यातलाच मध पितात. वाटीचा क्लोजअप पाठवा, बघून सांगते.