खरड छाटणीच्या दिवसांतलं पत्र

नाशिक,
फाल्गुन वद्य अष्टमी

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. पाडव्यापासून काय काय सुरू करणार, त्याची यादी वाचूनच मला धाप लागली. बाल्कनीत पंधरा कुंड्या, साखर बंद, बाहेरचं खाणं बंद, पहाटे पाचला उठणं, वीस मिनिटं ध्यान, रात्री डायरी. आणि वर विचारतोस, "मावशी, काही राहिलं का?" राहिलं ना. झोप राहिली.

फोनवर तू नुसतं "हो हो" म्हणतोस, म्हणून लिहून पाठवते आहे.

आधी बागेचं, कारण त्यातलं मला थोडंफार कळतं. तू जे व्हिडिओ बघतोस ते ज्या मुलखातले आहेत, तिथे वसंतात बर्फ वितळतो, माती मोकळी होते आणि लोक रोपं लावायला धावतात. आपला चैत्र म्हणजे उन्हाळ्याचा उंबरठा. नाशिकची हवा थंड म्हणून आपण कितीही मिरवलं, तरी एप्रिलमध्ये पारा अडतीसच्या पुढे जातो. त्यात तुझी बाल्कनी पश्चिमेची. दुपारी तीननंतरचं ऊन तिथे भिंत तापवतं, भिंत कुंडी तापवते आणि कुंडीतली मुळं शिजतात. आत्ता नर्सरीतून हौसेनं गुलाब आणि जर्बेरा आणलेस, तर मे महिन्यात तुझ्याकडे नुसत्या कुंड्या उरतील. आपली खरी लावणी जूनमध्ये, दोन चांगले पाऊस झाल्यावर. चैत्रात आहे ते जगवायचं, माती तयार करायची आणि ऊन सोसणाऱ्या दोन-तीन गोष्टी पेरायच्या.

मातीची सोय सध्या रस्त्यावर फुकट पडली आहे. कडुनिंब आणि पिंपळ यांची पानगळ सुरू आहे, कडेला नुसता सडा. लोक तो गोळा करून पेटवतात आणि मग त्याच धुरात खोकत मॉर्निंग वॉक करतात. तू एक गोणी भरून आण. रंगाची रिकामी बादली घे, तळाला आणि बाजूंना भोकं पाड. ओला कचरा एक वाटी पडला की त्यावर वाळका पाला दोन-तीन वाट्या, मधूनमधून थोडं आंबट ताक किंवा मूठभर जुनं खत. आठवड्यातून एकदा काठीनं खालीवर कर. घाण वास आला तर पाला कमी पडतोय. महिना झाला आणि काहीच हललं नाही, तर आत कोरडं आहे, पाणी शिंपड. आत्ता सुरू केलंस तर पावसाच्या तोंडावर, नेमकं हवं तेव्हा, काळंभोर खत हाताशी येईल.

पेरायचं म्हणशील तर लाल माठ, म्हणजे पालेभाजीचा. सहा इंच खोल पसरट ट्रे पुरतो. बी इतकं बारीक असतं की चिमूटभर वाळूत मिसळून भुरभुरावं, वर मातीचा अगदी पातळ थर, आणि पाणी झारीनं नको, हातानं शिंपडून. पंचवीस-तीस दिवसांत कापायला येतो. उपटू नकोस, दोन बोटं वर कापलास तर पुन्हा फुटतो. कोथिंबीर, मेथी आत्ता नको. उन्हाळ्यात त्या लवकर फुलावर जातात आणि नवशिक्याचं मन मोडतं.

दुसरी काकडी. एक मोठी कुंडी, ग्रिलला सुतळी बांधली की वेल आपला आपण चढतो. तिसऱ्या मजल्यावर मधमाशी आली तर आली, नाही तर हे काम तुलाच करायचं. सकाळी फुलं नीट बघ. काही फुलांच्या मागे नुसता बारीक देठ असतो, ती नर. काहींच्या मागे बोटाच्या पेरापेक्षा लहान, लव असलेली काकडी आधीच असते, ती मादी. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. जमलं तर चार दिवसांत ती इवलीशी काकडी फुगायला लागते. नाही जमलं तर पिवळी पडून गळते. पहिली नर फुलं येतात आणि सगळी गळून जातात, तेव्हा घाबरून मला फोटो पाठवू नकोस. ते तसंच असतं.

पाण्याचं वेळापत्रक करू नकोस. बोटाची दोन पेरं मातीत घाल. ओल लागली तर पाणी नको, कोरडं लागलं तर सकाळीच भरपूर, खालून निथळेपर्यंत. कुंड्या फरशीवर टेकवू नकोस, दोन विटांवर ठेव. मातीवर वाळक्या पाल्याचं आच्छादन घाल. मावा, म्हणजे कोवळ्या पानांवरची बारीक कीड, पडला तर निंबोळी अर्क. लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळून संध्याकाळी फवारायची. इतकं पुरे. पंधरा कुंड्यांचं जूनमध्ये बघू.

आता तुझ्या बाकीच्या यादीबद्दल. त्यासाठी तुला एकदा निफाड-दिंडोरीच्या बाजूला, द्राक्षबागांत जावं लागेल, पण गर्दी जाते तेव्हा नाही. लोक जानेवारी-फेब्रुवारीत घड लटकलेले असताना फोटो काढायला जातात. तू एप्रिलच्या मध्यावर जा.

माल निघाला, बाग रिकामी झाली, वेलीला थोडी विश्रांती मिळाली की एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. वर्षभर पोसलेल्या काड्या मुळाशी एखादा डोळा, म्हणजे फुटायची कळी, राखून ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवरच्या आडव्या जाड फांदीपर्यंत, छाटून टाकतात. बाग बघवत नाही. तारा, अँगल आणि काळपट खोडं. बाहेरच्या माणसाला वाटेल, मोडली बाग. मग नव्या काड्या फुटतात. त्या सगळ्या ठेवत नाहीत, विरळणी करतात. ठरावीक पानांवर शेंडा मारतात. आणि त्या उन्हाच्या दिवसांत, छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत, काडीवरच्या डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड धरतो. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. डोळा तसाच तपकिरी, मिटलेला. त्या काळात आभाळ भरून राहिलं, ऊन मिळालं नाही, तर घड कमी धरतात, आणि तेही त्या वेळी कळत नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी, म्हणजे फळ धरायच्या छाटणीआधी, शेतकरी काड्या तपासायला प्रयोगशाळेत नेतात. तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कितव्या डोळ्यात घड आहे ते. मग त्या हिशेबानं कात्री चालते. आपण फेब्रुवारीत जे द्राक्ष तोंडात टाकतो, त्याचा निकाल आदल्या मे-जूनमध्ये लागलेला असतो.

तुझ्या यादीत सगळी गोडी छाटणी आहे. खरड छाटणी कुठेच नाही. आहे त्या दिवसात तू सहा नव्या गोष्टी कोंबतो आहेस आणि काढत काहीच नाहीस. साखर बंद, बाहेरचं बंद याला मी काढणं म्हणत नाही, त्या नुसत्या घोषणा आहेत. काढायचं ते एकच आणि नेमकं. तुझ्या बाबतीत ते मला इथून दिसतं: रात्री अंथरुणातला फोन. त्याच्यामुळे अकराला भूक लागते, त्याच्यामुळे ऑर्डर जाते, त्याच्यामुळे एक वाजतो, आणि मग पाचचा गजर लावून आपण वाईट माणूस आहोत असं रोज सकाळी सिद्ध होतं. फोन रात्री दहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि दार ओढून घे. पाडव्याला एवढंच कर. पहाट, डायरी, ध्यान, सगळं थांबू दे. सुरुवातीला फार वाईट वाटेल, हात सारखा उशीखाली जाईल. जाऊ दे.

आणि रोज आपली प्रगती तपासत बसू नकोस. त्या फोनमध्ये सवयी मोजायचं एक ॲप आहे ना तुझ्या, तेही काढ. बागायतदार वर्षातून एकदा काडी तपासायला नेतो. रोज डोळे चिरून बघितले तर छाटायला राहील काय?

खाण्याबद्दल. आयुर्वेदाची वसंत ऋतुचर्या साधी आहे. थंडीत साठलेला कफ उन्हानं पातळ होतो, म्हणून जड, तेलकट, गोड, आंबट कमी करा, जुनं धान्य खा, जव खा, दिवसा झोपू नका. पाडव्याचा कडुनिंब त्याच हिशेबातला: कोवळी पानं, फुलोरा, ओवा, जिरं, हिंग, मीठ, चिंच, गूळ. आपण तो नखभर जिभेला लावतो आणि वर दोन वाट्या श्रीखंड चापतो. मी काही तुला श्रीखंड सोड म्हणणार नाही. सणाला गोड खाणाऱ्या माणसाचं बिघडत नाही, मंगळवारी रात्री साडेअकराला कंटाळा आला म्हणून खाणाऱ्याचं बिघडतं. मिसळही सोडू नकोस. नाशकात राहून मिसळ सोडलेल्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. रविवारी सकाळी खा, तिसरा पाव मागू नकोस.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं सांगते. वजनकाटा आणू नकोस. ताटातला अर्धा भाग भाजी, कोशिंबीर, फळ यांनी भरला की जवळपास तिथे पोचतोस. द्राक्षं नीट धुऊन अख्खी खा, रस काढून पिऊ नकोस. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात एकदा पिशवी घेऊन जा. शेवग्याच्या शेंगा, कैऱ्या, काकड्या, अंबाडी, जे ढिगानं आणि स्वस्त दिसेल ते त्या ऋतूचं. पुस्तक वाचायची गरज नाही.

आणि बाजरी आता आवरती घे, थंडी गेली. ज्वारी आण, नागली म्हणजे नाचणी आण. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या बाजूची नागली चांगली येते. शंभर ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि तू पावडरच्या डब्यांवर पैसे घालवतोस. आंबील करायला शीक. दोन चमचे नागलीचं पीठ वाटीभर पातळ ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी दोन वाट्या पाण्याला मीठ घालून उकळी आणायची, त्यात हे कालवण सोडताना एक हात सारखा ढवळता राहिला पाहिजे, नाही तर गुठळ्या. पीठ शिजलं की कच्चा वास जातो आणि वर चकाकी येते. गार झाल्यावर पुन्हा ताक, ठेचलेला लसूण, जिरं. उन्हातून आल्यावर हे पी आणि मग सांग कोल्ड कॉफी हवी का.

राहिलं ध्यान. तू विचारलंस, कुठला कोर्स करू. आत्ता कुठलाच नको. फोन दहाला गेला की सकाळ आपोआप लवकर होईल. पाणी घालून झालं की झारी खाली ठेव आणि तिथेच स्टुलावर दहा मिनिटं बस. नाव घे, श्वास बघ, नुसता काकडीच्या वेलाकडे बघ. मनात ऑफिस आलं तर येऊ दे. काही अनुभव आला का, असं विचारू नकोस, मला तर मुळीच नको.

जमलं तर एखाद्या साध्या दिवशी त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी जाऊन ये. यात्रेत नको, रेटारेटीत काही होत नाही. मला ते फार जवळचे वाटतात. ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांकडून त्यांना जे मिळालं असं परंपरा सांगते, ते त्यांनी धाकट्या भावाला दिलं, आणि जग आज नाव घेतं ते भावाचं. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानदेवांनी गीतेवर निरूपण केलं आणि पदोपदी श्रेय दिलं ते या मोठ्या भावाला. आपल्यात जे वाढतं ते आपल्याच अंगावर दिसलं पाहिजे, हा हट्ट तुझ्या पिढीत जरा जास्त आहे. माझ्या पिढीत नव्हता असं नाही, आमच्याकडे कॅमेरे नव्हते.

आणखी एक, आणि हे थोडं कडक आहे. अध्यात्म म्हणजे स्वतःची शांती, एवढ्यावर थांबू नकोस. पंचवटीत काळारामाच्या दाराशी २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली माणसं उभी राहिली, दादासाहेब गायकवाड त्यांत पुढे होते. देवळात जाऊ द्या, एवढंच मागणं होतं, आणि ते वर्षानुवर्षं चाललं. आत आरती करणारे रोज ध्यानही करत असतील. म्हणून तुझ्या स्टुलावरच्या दहा मिनिटांची किंमत मी तू तुझ्या वॉचमनशी, डबेवाल्या ताईंशी कसा बोलतोस त्यावरून लावीन. त्यांची नावं तुला ठाऊक आहेत का? पुढच्या वेळी विचारणार आहे.

बाकी ठीक. रविवारी सकाळी ये, पाल्यासाठी गोणी आणि माठाच्या बियांसाठी कागदाची पुडी घेऊन. नागलीचं पीठ मी दळून ठेवलंय, डबा मात्र परत हवा, मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत. कढीपत्त्याचं एक रोप आलंय, ते पावसाळ्यात देईन, आत्ता मागू नकोस. आणि दुपारी एक ते तीन फोन करू नकोस. ऋतुचर्येत दिवसा झोप वर्ज्य आहे हे मी वर लिहिलंय खरं, पण माझ्या वयाला त्यात सूट आहे.

तुझी,
मावशी