गिअरबॉक्स ऑइलचा पाइप गंजलाय? सडलेला तुकडा काप, अख्खी लाइन बदलायची गरज नाही

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं: क्लीव्हलँडला एमएसचं दुसरं वर्ष, 2009 ची ऑटोमॅटिक सेडान, पार्किंगमधल्या बर्फावर रोज सकाळी लाल डाग. गॅरेजवाल्याने ट्रान्समिशन कूलरचे (म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल थंड व्हायला रेडिएटरकडे नेणारे आणि परत आणणारे) दोन्ही पाइप बदलायचे साडेसहाशे डॉलर सांगितले आणि खात्यात दोनशे आहेत. एक मित्र म्हणतो एपॉक्सी लाव, दुसरा म्हणतो रबरी नळी घाल.

मी मिशिगनमध्ये बावीस वर्षं आहे. त्याआधी चिपळूणला मामाच्या गॅरेजमध्ये कितीतरी सुट्ट्या काढल्या. हे काम मी स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या गाड्यांवर सात-आठ वेळा केलंय. तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरेतुरे करतो.

सगळ्यात आधी, काम होईपर्यंत गाडी चालवू नकोस. ग्रोसरीलासुद्धा नाही. या पाइपमधून ऑइल पंपाच्या जोराने फिरतं. कूलर तुंबलाय का हे बघताना जुने मेकॅनिक एक ठोकताळा वापरतात: आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, वीस सेकंदांत निदान एक क्वार्ट (जवळजवळ एक लिटर) ऑइल यायला हवं. अशा गिअरबॉक्समध्ये साधारण दहा क्वार्ट ऑइल असतं. म्हणजे आज थेंब थेंब गळणारा पाइप हायवेवर फुटला, तर तीन-चार मिनिटांत गिअरबॉक्स कोरडा. आतले क्लच जळतात आणि मग प्रश्न साडेसहाशेचा राहत नाही, काही हजारांचा होतो.

आता गळतंय ते नक्की काय, याची खात्री कर. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथर आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनने खूण करून ठेव. सकाळी डाग कुठे पडलाय ते कळेल. लालसर, तेलकट आणि रेडिएटर ते गिअरबॉक्स या पट्ट्यात असेल तर कूलरचाच पाइप. काही गाड्यांत पॉवर स्टीअरिंगलाही हेच लाल ऑइल असतं, त्यामुळे त्याची टाकीही बघ. कूलंट पाण्यासारखं हाताला लागतं आणि त्याला गोडसर वास असतो.

पाइप का सडला हे समजलं की कुठे कापायचं तेही समजतं. तुमच्याकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ लांबून आणावं लागत नाही. लेक ईरीच्या तळाखाली अठराशे फुटांवर मिठाची खाण आहे, आमच्या डेट्रॉईटखालीही बाराशे फुटांवर आहे. शिवाय जास्त थंडीत कॅल्शियम क्लोराइड मारतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पत्रा कधी कोरडाच होऊ देत नाही. रत्नागिरीला समुद्राकाठच्या घरांचे गज जसे सडतात तसंच हे, फक्त वेग जास्त. पण पाइप सगळीकडे सारखा सडत नाही. तो सडतो क्लिपखाली. पाइप बॉडीला धरून ठेवणाऱ्या ज्या प्लॅस्टिकच्या किंवा रबराच्या क्लिपा असतात, त्यांच्यात खारट चिखल अडकतो आणि महिनोन् महिने ओला राहतो. क्लिप उघडून बघ. तिथे खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटलेले दिसतील आणि चार इंच पुढे तोच पाइप चांगला टणक असेल. गॅरेजवाला अख्खी लाइन बदलतो कारण त्याला गॅरंटी द्यायची असते आणि त्याचा वेळ महाग आहे. त्याचं चूक नाही. पण तुला फक्त तो सडका भाग काढायचाय.

एपॉक्सीचं सांगतो. पाइप आतून तेलकट, बाहेरून गंजलेला, चालू गाडीत गरम, रात्री गोठलेला. अशा पृष्ठभागावर ती धरत नाही, आणि धरली तरी बाजूचा पत्रा कागदासारखा झालेला असतो. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांनी तर पाइपचं भोक मुळीच बुजत नाही. तेवढे दहा डॉलर वाचव.

रबरी नळी पूर्णपणे चूक नाही. पण तिची गोष्ट मला जरा सविस्तर सांगू दे, कारण तिथे माझ्या हातून एका मित्राची गाडी गेलीय. सतरा-अठरा वर्षांपूर्वी मी असाच सडका तुकडा कापला, दोन्ही सरळ टोकांवर पेट्रोलची साधी नळी चढवली आणि क्लॅम्प आवळले. आठवडाभर थेंब नाही. मग एका कडक थंडीच्या सकाळी तो टोलेडोकडे निघाला. थंडीत ऑइल घट्ट असतं, लाइनमधलं प्रेशर वाढतं. नळी टोकावरून सरकून निघाली. त्याला कळेपर्यंत गिअर पडेनासे झाले होते. गाडी भंगारात गेली. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, तरी ते आजही लागतं मनाला.

चुका दोन होत्या. नळी ट्रान्समिशन कूलरचीच हवी, तिच्यावर एसएई जे1532 हा त्या नळीच्या मानकाचा क्रमांक छापलेला असतो. पेट्रोलची साधी नळी या उष्णतेसाठी नसते. आणि पाइपच्या टोकाला उंचवटा हवा, ज्याला मेकॅनिक बीड म्हणतात. कंपनीतून आलेल्या पाइपचं टोक बघ, बांगडीसारखी एक कड उठलेली असते. क्लॅम्प त्या कडेच्या मागे बसतो, म्हणून नळी सुटत नाही. फ्लेअरिंग टूलने डबल फ्लेअर करतात, म्हणजे पाइपचं टोक पसरवून दुहेरी दुमडतात, त्याची फक्त पहिली पायरी केली की अशी कड उठते. पण गाडीखाली उताणं पडून, जुन्या स्टीलवर, बोटभर जागेत हे करणं पहिल्यांदा करणाऱ्याला अवघड जातं.

म्हणून तुला माझा सल्ला: मधे निकेल-कॉपरचा पाइप आणि दोन्ही टोकांना कंप्रेशन युनियन, म्हणजे नट आवळून दोन पाइप जोडणारा सांधा. निकेल-कॉपर गंजत नाही आणि हाताने वाकतो, बेंडर लागत नाही. आधी तुझ्या पाइपचा बाहेरचा व्यास मोज, 5/16 किंवा 3/8 इंच असेल. युनियन घेताना स्टीलच्या पाइपवर चालते ना, हे दुकानात विचारून घे. पाइप कापायला छोटा ट्यूब कटर वापर, हॅक्सॉ नको; हॅक्सॉचा भुगा आत पडला की ऑइलबरोबर गिअरबॉक्समध्ये जातो.

कापण्याआधी तारेच्या ब्रशने घास आणि पकडीने दाबून बघ. जिथे दबत नाही आणि खड्डे नाहीत तिथेच काप, दोन इंच जास्त गेले तरी चालतील. मग टोक बारीक पॉलिश पेपरने गोल गोल घासून चकचकीत कर. युनियनमधली रिंग या पृष्ठभागावर दाबून बसते. तिथे एक खड्डा राहिला तरी गळणार. कामाचा अर्धा वेळ या दोन इंचांवर घाल. नट हाताने बसव, मग पान्याने आवळ. एक पाना युनियनवर, एक नटवर, म्हणजे पाइप पिळला जाणार नाही. टेफलॉन टेप लावू नकोस.

मूळच्या लाइनमध्ये जिथे रबरी भाग असेल तिथे रबरच ठेव. इंजिन माउंटवर हलतं, रेडिएटर बॉडीला घट्ट असतो. मधे ताठ पाइप घातलास तर तो हलून हलून तडकेल.

रेडिएटरच्या बाजूचं फिटिंग शक्यतो उघडूच नको. उघडावंच लागलं तर रेडिएटरकडचा षटकोनी भाग दुसऱ्या पान्याने धरून ठेव, नाहीतर तो फिरतो, टाकीतला कूलर फाटतो आणि कूलंट ऑइलमध्ये मिसळतं. मग गिअरबॉक्सही गेला.

गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जायचं नाही. सपाट जागा, मागच्या चाकांना अडसर, दोन जॅक स्टँड, आणि वर एक मित्र उभा. इंजिन पूर्ण थंड असू दे. ऑटो पार्ट्सच्या मोठ्या दुकानांत अनामत घेऊन हत्यारं वापरायला देतात, परत केली की पैसे परत. जुनं ऑइलही बहुतेक ठिकाणी फुकट घेतात, गटारात ओतू नकोस.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. लाल दिसतं म्हणून सगळं एक नसतं. डेक्सरॉन, मरकॉन, एटीएफ प्लस फोर हे वेगवेगळे आहेत. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू, गरम, गिअर पार्कमध्ये (पी) ठेवून डिपस्टिक बघतात. काहींत इंजिन बंद करून. डिपस्टिकच नसेल तर ठरावीक तापमानाला खालचा प्लग उघडून पातळी बघावी लागते; तेवढ्यापुरतं गॅरेजमध्ये ने. भरताना अर्धा अर्धा क्वार्ट घाल, ब्रेक दाबून सगळे गिअर एकदा फिरव आणि पुन्हा बघ. जास्त भरलं तरी फेस होतो.

माझ्या अंदाजाने पाइप, युनियन, कटर आणि चार क्वार्ट ऑइल मिळून शंभर-सव्वाशे डॉलरमध्ये बसेल. पहिल्या दिवशी गल्लीतच दहा मिनिटं फिरव, मग खाली टॉर्च मारून सांधे कोरड्या कागदाने पूस. कागदावर लाल आलं तर पाव फेरा आवळ. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा पूस.

आणि खाली आहेसच तर ब्रेकचे पाइप नीट बघ. तेच मीठ, तितकीच वर्षं. त्यांवर पापुद्रे सुटलेले दिसले तर वर सांगितलेली युनियन तिथे कधीही वापरायची नाही. ब्रेकचं प्रेशर या लाइनच्या कितीतरी पट असतं, तिथे डबल फ्लेअरच लागतो आणि ते काम जाणकाराकडूनच करून घे. पैसे कमी पडले तर मला कळव, डेट्रॉईटहून तीन तासांचाच रस्ता आहे. शनिवारी फ्लेअरिंग टूल घेऊन येतो.