इन्व्हर्जन: वाक्यातलं आणि हवेतलं

हवामानाच्या बातम्यांत हा शब्द आला की तेच प्रश्न पुन्हा येतात. या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न: शब्दकोशात ‘इन्व्हर्जन’ म्हणजे शब्दांचा क्रम उलटणे असं दिलंय. मग हवेत काय उलटतं?

तापमानाचा क्रम. एरवी वर जावं तशी हवा दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने थंड होत जाते. इन्व्हर्जनमध्ये खाली गार हवा आणि तिच्यावर उबदार थर असतो. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात.

प्रश्न: इंग्रजीत प्रश्न विचारताना क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. मराठीतही तसंच असतं का?

नाही. ‘तू येतोस’पुढे ‘का’ लावलं की झालं. ‘आला पाऊस’ म्हटलं तर जोर बदलतो, प्रश्न होत नाही. याहून खोलात जायचं तर व्याकरणाच्या शिक्षकांना विचारा.

प्रश्न: विपरीतता फक्त डोंगरदऱ्यांत होते ना?

नाही. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की सपाट माळावरही रातोरात होते. दरीत उतारावरून गार हवा खाली येऊन साचते, म्हणून तिथे ती जास्त टिकते, एवढंच.

प्रश्न: पहाटे वारा नसतो, तेव्हा फवारणीला तीच वेळ सुरक्षित, असं औषधविक्रेते सांगतात. शिवाय फवारा इकडेतिकडे उडू नये म्हणून त्यात मिसळायचं एक महागडं द्रावणही घ्यायला लावतात. घ्यावं का?

‘वारा नाही म्हणजे धोका नाही’ या ऐकीव सल्ल्याने फार नुकसान होतं, म्हणून सविस्तर सांगतो. रात्रभर जमीन उष्णता सोडून गार होते आणि तिला टेकलेली हवाही गार होते. गार हवा जड, ती खालीच बसते. वरचा उबदार थर तिच्यावर झाकणासारखा असतो. दिवसा ऊन हवेला घुसळतं आणि बारीक थेंब विरळ होत वर जातात. विपरीततेत ही घुसळण थांबते. मोठे थेंब पिकावर पडतात, पण साधारण १५० मायक्रॉनहून (०.१५ मिलिमीटरहून) बारीक थेंब जमिनीलगत तरंगत राहतात आणि जराशा झुळकीने, बहुधा उताराच्या दिशेने, दाट लोटासारखे सरकतात. शेजाऱ्याच्या पिकावर, विहिरीवर की अंगणातल्या मुलांवर उतरतील, कोणी सांगू शकत नाही.

आसपास कुठे धूर निघत असेल तर तो पाहा. वर चढून विरत असेल तर हवा घुसळतेय. थोडा वर जाऊन आडवा पसरला आणि थर धरून राहिला, तर पंप खाली ठेवा. दव आणि जमिनीलगतचं धुकं याही खुणाच. ऊन वर येऊन जमीन तापेपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर एक-दोन तास तरी, थांबा. सूर्यास्ताच्या सुमारासही फवारू नका. हलका, एकाच दिशेने वाहणारा वारा पूर्ण शांततेपेक्षा बरा.

राहिलं द्रावण. अशी काही द्रावणं बारीक थेंबांचं प्रमाण कमी करतात, शून्यावर आणत नाहीत. चुकीची वेळ कोणत्याही बाटलीने बरोबर होत नाही, आणि तसं सांगून ती विकणं मला अजिबात मान्य नाही. नॉझल कोणतं, वारा किती चालेल, हे औषधाच्या लेबलवर वाचा आणि कृषी अधिकाऱ्यांना विचारूनच ठरवा.

प्रश्न: रात्री लांबच्या रेल्वेचा आवाज जवळून आल्यासारखा वाटतो. याच्याशी संबंध आहे?

आहे. वर उबदार हवा असली की आवाज जमिनीकडे वळतो.

प्रश्न: या धुरकट दिवसांत आईला धाप लागते. चार दिवस वाफ देतोय. धुरकं ओसरलं की बरं वाटेल, असं शेजारी म्हणतात. थांबावं का?

नाही, आजच डॉक्टरांकडे न्या. चार दिवस आधीच गेलेत. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ दरम्यान विपरीततेच्या अशाच उबदार थराखाली कोळशाचा धूर कोंडला होता. त्या वेळच्या हिशेबाने सुमारे ४,००० माणसं गेली, नंतरचे अंदाज १२,००० पर्यंत जातात. त्यांत वयस्कर आणि छातीचे विकार असलेले बरेच होते. वाफ चालू ठेवावी का, घरात कोणता मास्क किंवा यंत्र लागेल, तेही शेजाऱ्यांना किंवा दुकानदाराला नव्हे, डॉक्टरांनाच विचारा. बोलताना दम लागत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर वेळ ठरवत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.